चप्पल उचलण्यापूर्वी एक फोटो

घरात किडा दिसला की आपला हात आधी चपलेकडे जातो. नाही तर झाडूकडे. यात कोणाला दोष देण्यासारखे काही नाही. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतात, लहान मूल जमिनीवर झोपते, पाण्याचे पिंप दारातच असते. तेथे किडा म्हणजे त्रास, असे समजूनच आपल्या आयांनी घरे सांभाळली. परंतु या किड्यांत खरा धोक्याचा कोण, निरुपद्रवी कोण आणि चक्क उपयोगाचा कोण, हे चपलेच्या अंतरावरून कळत नाही. त्यासाठी अगदी इंचभर अंतरावर जावे लागते. आणि आपल्या डोळ्याचे असे आहे की वस्तू वितीपेक्षा फार जवळ आणली की ती पुसट होते. तेथून पुढचे काम भिंगाचे आणि कॅमेऱ्याचे.

जवळून फोटो काढण्याचा हा छंद पूर्वी पैसेवाल्यांचाच होता. छत्तीस फोटोंचा रोल, तो धुण्याचा खर्च, वर खास लेन्स. छत्तीसांतले पाच फोटो धड आले तरी पुष्कळ. आज बहुतेक घरांत एक तरी मोबाइल आहे आणि बिघडलेला फोटो पुसून टाकायला पैसे पडत नाहीत. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेतला आहे. मोबाइल घरात एकच असतो आणि तो दिवसभर कोणाच्या तरी खिशात कामावर जातो, याची आम्हाला कल्पना आहे. रविवारची सकाळ या कामाला पुरते.

कापडवाला आणि कारकून

ज्यांनी हे जग प्रथम उघडून दाखवले त्यांत मोठमोठ्या पदव्यांचीच माणसे होती, असे नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी आंतोनी व्हान लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. कापडाचा पोत तपासण्यासाठी व्यापारी भिंगाखाली धागे मोजत. त्यातूनच त्याला भिंगांचा नाद लागला असे मानतात. तो विद्यापीठात गेलेला नव्हता. विद्वानांची लॅटिन भाषा त्याला येत नव्हती. त्याने स्वतः काच घासून लहानशी भिंगे तयार केली आणि १६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याचे पहिले पत्र गेले. त्या पत्रात कशाचे वर्णन होते? बुरशीचे, मधमाशीचे आणि उवेचे! १६८० साली त्याच सोसायटीने या कापडवाल्याला आपला सभासद करून घेतले. त्याच्या यंत्रात धातूच्या दोन पत्र्यांमध्ये बसवलेले एकच इवलेसे भिंग असे. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे आपण जे छोटे भिंग लावतो, ते त्याच जातीचे. फरक एवढाच की त्याला दिसलेले चित्र काढून घ्यावे लागे.

दुसरा माणूस लंडनचा. पर्सी स्मिथ हा सरकारी शिक्षण खात्यात कारकून होता. नोकरी सांभाळून तो फोटो काढी. त्याने निळ्या माशीच्या जिभेचा जवळून फोटो काढला, तो एका चित्रपट निर्मात्याच्या नजरेस पडला आणि त्याचे आयुष्यच बदलले. पुढे १९०८ च्या सुमारास, माशी आपल्या पायांवर इवलासा चेंडू फिरवते आहे असा छोटा चित्रपट त्याने केला आणि तो गाजला. माशीही पाहण्यासारखी असते हे लोकांना तेव्हा पटले असावे.

सामान काय लागते

मोबाइलवर चिमट्याने बसवण्याचे भिंग बाजारात काही शे रुपयांना मिळते. तेवढेही नको असेल तर घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते भिंग चालते. त्यावर दहा पट असे लिहिलेले असेल तर किडा भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण इंचावर धरला की स्पष्ट दिसतो. त्याहून जवळ नाही, त्याहून लांब नाही. हा हिशेब एकदा कळला की अर्धी तक्रार मिटते. कोणाच्या घरी रोलचा जुना कॅमेरा पडून असेल आणि त्याची लेन्स निघत असेल, तर तीच लेन्स उलटी करून मोबाइलसमोर धरावी. दीड-दोन इंचांवरचा किडा ती सुरेख मोठा करते.

भंगारात गेलेल्या सीडी किंवा डीव्हीडी प्लेअरमध्ये चकतीखाली एक छोटे भिंग असते. ते जपून काढून, केसांच्या आकड्यात धरून, चिकटपट्टीने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बसवता येते. हे फुकटातले भिंग जोरदार आहे, पण त्यासाठी किड्याला जवळजवळ टेकावे लागते. त्यामुळे ते मेलेल्या डासाला, तांदळातल्या किड्याला ठीक. जिवंत माशी एवढ्या जवळ कशाला येऊ देईल? यंत्र उघडताना त्याचा वीजपुरवठा तोडलेला असावा आणि मोठे माणूस जवळ असावे.

काही स्वस्त मोबाइलमध्ये मॅक्रो नावाचा वेगळा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा दिलेला असतो. आमचे मत विचाराल तर त्याच्या नादी न लागता मुख्य कॅमेऱ्यालाच भिंग लावावे. बोटाने पडदा ताणून मोठे केलेले चित्र नुसते फुगते, त्यात नवे काही दिसत नाही.

आता अडचण सांगतो. जितके जवळ जावे तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी पातळ होते. मोठ्या कॅमेऱ्याने किडा जेवढा आहे तेवढ्याच आकारात टिपला, तर ही पट्टी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर मागचा पाय धुक्यात जातो. मोबाइलवर थोडी सवलत मिळते, पण दुखणे तेच. यावर उपाय असा की किड्याचा डोळा स्पष्ट करावा आणि बाकीचे पुसट झाले तरी चालवून घ्यावे. किंवा कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर धरावा. पडद्यावर बोट दाबत बसण्यापेक्षा आपणच केसभर पुढे-मागे व्हावे. कोपर भिंतीला किंवा स्टुलाला टेकवावे, श्वास रोखावा आणि एकाऐवजी वीस फोटो काढावेत. वीसांतला एक चांगला येतो आणि बाकीचे पुसून टाकायचे असतात.

उजेडाचेही तसेच. मोबाइलची बत्ती सरळ मारली की किड्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो. दुसऱ्या कोणाला बॅटरी धरायला सांगून तिच्यापुढे सुती रुमाल किंवा पातळ पांढरा कागद धरावा. त्याहून बरी खिडकी. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूला स्टीलचे ताट उभे धरले की सावलीची बाजूही उजळते. सकाळी गारव्यात किडे सुस्त असतात, तेव्हा ते जवळ येऊ देतात. काही हौशी लोक किड्याला फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात आणि मग फोटो काढतात. आम्हाला ते पसंत नाही. फोटोसाठी जिवाचे हाल करण्याचे कारण नाही.

पिंपातले आणि अंगावरचे

अंगावर बसलेला डास मारण्याआधी फोटो काढा, असे आम्ही म्हणणार नाही. तो मारावाच. पण मेलेला डास फेकून देऊ नये. पांढऱ्या कागदावर ठेवून, भिंग लावून त्याचा फोटो काढावा आणि पडद्यावर मोठा करून घरातल्या सर्वांना दाखवावा. पायांवर काळ्या-पांढऱ्या कड्या आहेत का? पाठीवर दोन्ही बाजूंना कोयत्यासारख्या वाकलेल्या पांढऱ्या रेघा आहेत का? असतील तर तो एडिस इजिप्ती, डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा डास. पाठीच्या मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असेल तर तो त्याचाच भाऊबंद, आणि तोही डेंग्यू पसरवतो. हे डास मुख्यतः दिवसा चावतात, सकाळी आणि दिवस मावळण्याच्या आधी अधिक. तेव्हा रात्री मच्छरदाणी लावली म्हणजे मुले सुटली, असे या डासाच्या बाबतीत धरता येत नाही. दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी. डोक्यावरच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार दिसल्या तर तो नर. नर चावत नाही, रक्त पिते ती मादीच.

पाण्यातल्या अळ्यांचा फोटो त्याहून सोपा आणि त्याहून कामाचा. पिंपातले थोडे पाणी काचेच्या साध्या ग्लासात घ्यावे, ग्लास खिडकीत ठेवावा आणि बाजूने फोटो काढावा. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असेल तर ती अॅनॉफिलीसची, म्हणजे मलेरियाच्या डासाची. डोके खाली करून तिरकी लोंबकळत असेल तर एडिसची किंवा क्युलेक्सची. शेपटीकडे श्वास घेण्याची नळी असते, तीच पाण्याला टेकलेली दिसते. नळी आखूड आणि जाड असेल तर एडिस, लांब आणि बारीक असेल तर क्युलेक्स. क्युलेक्सला गटाराचे घाण पाणी आवडते आणि तो हत्तीरोग पसरवतो. पण डेंग्यूचा डास आपल्या पिण्या-वापरण्याच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. शहरातल्या मलेरियाचा एक अॅनॉफिलीसही गच्चीवरच्या टाक्यांत वाढतो. “आमचे पाणी स्वच्छ आहे, आमच्याकडे डास कसे?” असे विचारणाऱ्यांना हा ग्लास दाखवावा. फोटो झाल्यावर ते पाणी मोरीत न ओतता कोरड्या जमिनीवर, उन्हात टाकावे.

डासाचा आणि मलेरियाचा संबंध प्रथम सिद्ध झाला तो आपल्याच देशात. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी अॅनॉफिलीस डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. सूक्ष्मदर्शीखाली एकामागून एक डास उघडून, तासन्‌तास पाहून त्यांना तो सापडला.

एक गोष्ट मात्र घरोघरी सांगण्यासारखी आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटवते. नुसत्या डोळ्यांना ते काळे ठिपके वाटतात, कोणी म्हणेल धूळ आहे. भिंग लावून फोटो काढला की लांबुळकी अंडी दिसतात. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात. म्हणून पिंप नुसते उपडे करून भागत नाही. ते आतून काथ्याने खसाखसा घासावे लागते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य कर्मचारी सांगतात त्याचा हिशेब हाच. ज्या वस्तीत पाणी दिवसाआड येते तेथे पिंप रिकामे करणे किती जड जाते ते आम्ही जाणतो. तेथे निदान तोंडाला फडके घट्ट बांधावे आणि पाणी उतरेल तेव्हा कडा घासावी.

कढीपत्त्याच्या डब्यात

रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेला कढीपत्ता अनेक घरांच्या गॅलरीत असतो. त्याच्या पानावर कधी पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसते. काळपट, मध्ये पांढरा डाग. तीच विष्ठा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावर असली तर भिंग घेऊन जावे. ती लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराची अळी असते. लहानपणी ती असे सोंग घेते, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. कात टाकत मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि पुढच्या फुगीर भागावर दोन डोळे दिसू लागतात. ते डोळे खोटे आहेत! फोटो मोठा करून पाहावा. खरे डोके खाली दडलेले, लहानसे असते आणि खरे डोळे म्हणजे त्यावरचे बारीक ठिपके. तिला हलकेच डिवचले तर डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचे शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. शत्रूला पळवायची ही तिची युक्ती आहे, माणसाला त्याचा काही अपाय नाही.

घरातल्या मुलांसाठी याहून चांगला प्रकल्प आम्हाला सुचत नाही. रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी फोटो काढावा. मापासाठी शेजारी कंपासपेटीतली पट्टी धरावी. वहीत तारीख लिहावी. काही दिवसांनी अळी खाणे थांबवते, काडीला रेशमाचा धागा कमरेभोवती पट्ट्यासारखा बांधून घेते आणि तिचा कोश होतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात आठवडा-दीड आठवड्यात कोश उकलतो, तोही बहुधा सकाळी. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेल्या कागदासारखे असतात. अंगातला द्रव त्यांत ढकलून ते हळूहळू ताणते. कामावर निघण्याच्या गडबडीतही तेवढा वेळ थांबावे असे ते दृश्य असते. कधी मात्र कोशाला बारीक छिद्र पडून फुलपाखराऐवजी इवल्या इवल्या माश्या निघतात. त्यांच्या आईने आत अंडी घालून ठेवलेली असतात. मूल हिरमुसेल, पण वहीत तेही लिहून ठेवावे.

झाड लहान असेल तर एक अळीदेखील ते बोडके करू शकते. फोडणीला पाने हवीत हेही खरेच. अशा वेळी अळी पानासकट उचलून मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर सोडावी. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्ल्यू मॉर्मन, मोठे, काळे-निळे, त्याची अळीही लिंबाच्या कुळातल्याच पानांवर वाढते.

याच गॅलरीत जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडतो आणि त्याच्या अवतीभोवती मुंग्या असतात. मुंग्याच झाड खातात असे समजून आपण मुंग्यांची पावडर टाकतो. जवळून पाहिल्यावर निराळेच दिसते. रस शोषतो तो मावा. मुंगी मिशांनी त्याला थोपटते आणि त्याच्या अंगातून निघणारा गोड थेंब पिते. त्या बदल्यात ती त्याची राखण करते. गवळ्याने गाईची करावी तशी. याच गर्दीत कधी काळ्या अंगावर पिवळे-केशरी ठिपके असलेली, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी फिरताना आढळते. दिसायला ओंगळ, म्हणून ती आधी मारली जाते. वास्तविक ती ढालकिड्याची, म्हणजे लाल गोल पाठीवर काळी नक्षी असलेल्या त्या देखण्या किड्याची अळी आहे, आणि ती मावा खाऊनच वाढते. औषध फवारून आपण मावाही मारतो आणि त्याला खाणारीलाही. मावा पुन्हा लवकर वाढतो, कारण त्याच्या माद्या नराशिवायच जिवंत पिल्ले देतात. खाणारी मात्र तितक्या लवकर परत येत नाही.

सुपात आणि भिंतीवर

तांदूळ निवडताना सुपात जो बारीक तपकिरी किडा पळतो, त्याचा फोटो काढला तर त्याला हत्तीसारखी सोंड दिसते. पाठीवर चार फिकट डाग असतात. मादी या सोंडेनेच दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. म्हणून वरून चांगल्या दिसणाऱ्या दाण्यातूनही पुढे किडा निघतो. पोकळ दाणे धुताना पाण्यावर तरंगतात ते याच कारणाने.

भिंतीवर सिमेंटच्या रंगाची, काकडीच्या बीसारखी चपटी वस्तू चिकटलेली असते, ती सर्वांनी पाहिली आहे. पुष्कळांना ती चुन्याचा पापुद्रा वाटते. थोडा वेळ भिंग धरून थांबले की एका टोकातून डोके आणि पाय बाहेर येतात आणि ती घर ओढत चालू लागते. ही एका लहान पतंगाची अळी. रेशीम, धूळ, वाळूचे कण यांची पिशवी शिवून ती आत राहते. पिशवी दोन्ही टोकांना उघडी, त्यामुळे ती आतल्या आत वळून उलट दिशेनेही निघते. जुनी जळमटे आणि गळलेले केस हे तिचे अन्न.

भिंतीवरच उड्या मारत फिरणारा छोटा कोळी असतो. कोळी कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, याला आठ. पण जवळून फोटो काढणाऱ्याला याच्यासारखा सोबती नाही. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात आणि कॅमेरा पुढे केला की तो वळून सरळ भिंगात पाहतो. तो माश्या आणि डास झडप घालून पकडतो, त्यासाठी जाळे विणत नाही. जळमटे त्याची नसतात, तेव्हा झाडू मारताना त्याला वगळायला हरकत नाही.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्यांची झुंबड उडते, तेव्हा एक फोटो आवर्जून काढावा. दिवा मालवण्याची घाई करू नये. खाली पडलेला एक पंखवाला पांढऱ्या कागदावर घ्यावा. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा मण्यांच्या सरळ माळेसारख्या असतील तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतील तर त्या मुंग्या. मुंग्या असतील तर सकाळी झाडून काढल्या की झाले. वाळवी असेल आणि ती बाहेरून न येता घरातल्याच फटीतून निघाली असेल, तर दाराची चौकट, मुलांच्या पुस्तकांची फळी आणि कागदपत्रांची पेटी दुसऱ्याच दिवशी तपासावी. चौकट बोटाने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला किंवा भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली, तर तिचाही फोटो काढून घरमालकाला किंवा सोसायटीला दाखवावा. चौकट दुरुस्त होईपर्यंत दाखले, रेशनकार्ड आणि घराची कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत घालून ती भिंतीपासून दूर, विटांवर ठेवावी.